एकाच जागी ठेवलेले आवाज

आम्ही आज रेडिओशी नातं असलेल्या एका संग्रहालयाची गोष्ट सांगणार आहोत.

१९१२ साली ब्राझीलच्या जंगलात तारायंत्राची लाईन टाकली जात होती. त्याच वाटेने रिओच्या राष्ट्रीय संग्रहालयातले अभ्यासक रोकेत-पिंतो फोनोग्राफ घेऊन गेले. आदिवासी कर्ण्यासमोर गायचे, सुई मेणाच्या नळीवर चरे कोरायची. पुन्हा सुई फिरवली की तेच गाणं ऐकू यायचं. १९२३ साली ब्राझीलचं पहिलं रेडिओ केंद्र उभारण्यातही त्यांचाच पुढाकार होता.

पुढे या संग्रहालयात अनेक भाषांचे आवाज टेपवर जमत गेले. २ सप्टेंबर २०१८ च्या रात्री तिथे एसीमधून आग लागली. बंब आले, पण जवळच्या नळांना पुरेसं पाणी नव्हतं. ज्या भाषा बोलणारं आता कुणीच उरलं नाही, त्यांतली गाणीही जळाली.

राखेत ११ हजार वर्षांपूर्वीच्या ‘लुझिया’ या बाईच्या कवटीचे तुकडे सापडले. जळालेल्या टेपमधून आवाज मात्र परत निघत नाही.

आजीच्या ओव्या आपल्या एकाच मोबाइलमध्ये असतील, तर आजच दुसरीकडेही उतरवून ठेवूया.