अंजनी (वनस्पती)

अंजनी (शास्त्रीय नाव: मेमेसायलॉन अंबेलेटम) हा मेलॅस्टोमॅटेसी कुलातील लहान, सदाहरित वृक्ष आहे. डच वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलास बर्मन यांनी १७६८ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. निळ्या-जांभळ्या फुलांमुळे तो शोभेचा वृक्ष म्हणून बागेतही लावता येतो.

वर्णन

पाने साधी, समोरासमोर, जाड व तकतकीत असतात. हिवाळ्याच्या अखेरीस जुन्या, पर्णहीन फांद्यांवर फुलांचे दाट झुबके येतात. प्रत्येक फुलाला ४ पाकळ्या व ८ पुंकेसर असतात. फळ लहान, गोल व मृदू असून पिकल्यावर जांभळट काळे होते. त्याच्या टोकाशी निदलपुंजाचा अवशेष मुकुटासारखा राहतो. ही फळे पक्षी खातात व बीजप्रसार करतात.

आढळ

हा वृक्ष पश्चिम घाट व श्रीलंकेत आढळतो. महाबळेश्वर, माथेरान व भीमाशंकर येथील सदाहरित वनांत अंजनी, जांभूळ व पिसा हे प्रमुख वृक्ष आहेत. मुळशी तालुक्यात तो पश्चिमेकडील ताम्हिणी घाटाच्या अतिवृष्टीच्या जंगलात दिसतो.

बागेतील लागवड

पक्व फळांतील गर काढून ताजे बी पेरतात. पाण्याचा निचरा होणारी जमीन आवश्यक असते. तालुक्याच्या पूर्वेकडील जांबे, हिंजवडी या भागांत पाऊस ताम्हिणीपेक्षा बराच कमी असल्याने कोवळ्या रोपांना उन्हाळ्यात पाणी व अंशतः सावली द्यावी लागते. वाढ अत्यंत मंद असल्याने छाटणीची गरज क्वचितच पडते व लहान अंगणातही झाड मावते. मात्र याच मंद वाढीमुळे जंगलात तुटलेल्या झाडाची जागा भरून येण्यास दीर्घ काळ लागतो. त्यामुळे जंगलातून वा देवराईतून रोपे उपटून आणण्याऐवजी बियांपासून रोपे तयार करणे इष्ट ठरते.

नावातील साम्य

अंजनीलाही अनेक ठिकाणी ‘अंजन’ म्हणतात. याच नावाचा दुसरा वृक्ष (हार्डविकिया बायनाटा) शिंबावंत कुलातील, उंच व पानझडी असून कोरड्या प्रदेशात वाढतो. त्याचे पान दोन पर्णिकांचे असते, तर अंजनीचे पान अखंड असते. रोपे घेताना ही खूण पाहिल्यास गल्लत टळते.

उपयोग

लाकूड अतिशय कठीण असते, म्हणून या वृक्षाला ‘लोखंडी’ असेही म्हणतात. पानांपासून पिवळा रंग मिळतो.