मीरा रोडवरून येणारा ‘आयआरएस’चा फोन

तुमचा कर थकलाय, अटक वॉरंट निघालंय, आत्ताच्या आत्ता पैसे भरा! २०१३ नंतरची काही वर्षं अमेरिकेत असे फोन घरोघरी वाजत होते. बोलणारा स्वतःला आयआरएसचा, म्हणजे तिथल्या करखात्याचा, अधिकारी म्हणवायचा. बसलेला मात्र असायचा बऱ्याचदा आपल्याच मुलखात.

४ ऑक्टोबर २०१६च्या रात्री ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. सातशेहून जास्त जण ताब्यात घेतले, बहुतेक तरुण. त्याच महिन्यात, वेगळ्या प्रकरणात, अमेरिकेच्या न्याय खात्याने ५६ जणांवर आणि अहमदाबादच्या ५ कॉल सेंटरांवर आरोप ठेवले. फसलेले लोक होते किमान १५,०००. २०१८ मध्ये अमेरिकेत २१ जणांना शिक्षा झाल्या, काहींना २० वर्षांपर्यंत.

यांचं सावज कोण? म्हातारी माणसं, आणि तुमच्या-माझ्यासारखे बाहेरून आलेले. आपल्याला तुरुंगापेक्षा हद्दपारीची भीती जास्त, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

सगळा खेळ घाईचा होता. खरं करखातं संथ असतं: सहसा आधी टपालाने पत्र येतं, हिशेब मान्य नसेल तर दाद मागता येते. भामटा तुम्हाला हा वेळच देत नाही. फोन चालू ठेवूनच दुकानात पाठवतो, गिफ्ट कार्डं घ्यायला लावतो आणि त्यांवरचे आकडे वाचून घेतो. आकडे सांगितले की पैसे गेलेच समजा. गिफ्ट कार्डावर कर घेणारं सरकार जगात कुठेच नाही! फोनवर दिसणाऱ्या नंबरावरही विसंबू नका, तो खोटा दाखवता येतो.

असा फोन आला तर वाद घालू नका, सरळ ठेवून द्या. खरंच काही थकलंय का, ते आयआरएसच्या संकेतस्थळावर स्वतः बघा. मग तक्रार करा. १९९८च्या कायद्याने करखात्यावर नजर ठेवायला ‘टिगटा’ हे महानिरीक्षक कार्यालय उभं राहिलं. अशा तोतयांची तक्रार तिथेच करायची. नंबर १-८००-३६६-४४८४. पैसे दिले असतील तर आधी कार्ड कंपनीला कळवा, आणि एफटीसीकडेही नोंद करा.

एक पैसाही गेला नसला तरी तक्रार कराच. लाजेपोटी गप्प बसलेला प्रत्येक माणूस या धंद्याला एकेक दिवस वाढवून देत होता. सुट्टीत तुमच्याकडे आलेल्या आईबाबांनाही हे सांगून ठेवा. दुपारी घरचा फोन तेच उचलतात.