भाडे मुंबईत गोठले, गाव डोंबिवलीचे वाढले

१/ मुंबईत नोकरी आणि डोंबिवलीत बिऱ्हाड ही गोष्ट आज इतकी सवयीची झाली आहे की तिला इतिहास असेल, असे सहसा मनात येत नाही. परंतु या गावाचे नगर होण्यात लोकलबरोबर एका कायद्याचाही वाटा आहे : मुंबईच्या भाडेनियंत्रण कायद्याचा.

२/ आगगाडी १८५३ मध्ये ठाण्यास आणि १८५४ मध्ये कल्याणास पोहोचली. वाटेवरच्या डोंबिवलीला स्थानक मिळाले ते १८८७ मध्ये. सुमारे तीन दशके गाडी गावावरून जात होती, थांबत नव्हती.

३/ पहिल्या महायुद्धात मुंबईत जागांची टंचाई झाली, भाडी भडकली. १९१८ मध्ये सरकारने भाड्यावर निर्बंध घातले. उपाय तात्पुरता होता. प्रश्न मात्र कायमचा ठरला.

४/ दुसरे महायुद्ध संपले, फाळणी झाली, निर्वासित आले. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे सामान्यतः ‘प्रमाण भाडे’ मानले आणि भाडेकरूला घराबाहेर काढणे अवघड केले. चाळीतल्या कामगाराला आणि कारकुनाला हा मोठाच आधार होता.

५/ पण हा आधार आत असलेल्यांसाठी होता. जुना भाडेकरू जागा सोडीना. गोठलेल्या भाड्यात दुरुस्ती मालकाला परवडेना. नव्याने येणाऱ्याकडे पागडी मागितली जाई. कायद्याने तो गुन्हा होता, तरी व्यवहार विनापावती चालूच राहिला.

६/ ज्याच्यापाशी पागडी नव्हती, त्याने काय करावे? मुंबईत १९२५ मध्ये सुरू झालेला विजेच्या गाडीचा मार्ग १९३० पर्यंत कल्याणच्याही पुढे, पुण्यापर्यंत गेला होता. मासिक पास काढून दूरच्या गावात बिऱ्हाड करणे शक्य झाले. पागडीचे पैसे वाचले; त्यांची फेड रोजच्या प्रवासाच्या तासांत होऊ लागली.

७/ बाहेरून आलेल्या या बिऱ्हाडकरूंनीच डोंबिवलीला तिची ओळख दिली. पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे यांच्यासारखे लेखक याच गावात राहिले.

८/ मालकांनी दरम्यान पळवाट शोधली होती : ‘लिव्ह अँड लायसन्स’. म्हणजे भाडेकरू नव्हे, केवळ परवानाधारक. १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी रोजी वैध करारावर राहणाऱ्या परवानाधारकांनाही भाडेकरूचे संरक्षण दिले. मालक अधिकच सावध झाले.

९/ गोठलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्या आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये म्हटले. ३१ मार्च २००० पासून नवा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा लागू झाला. त्याने पागडीला मान्यता दिली आणि प्रत्येक भाडेकराराची नोंदणी सक्तीची केली.

१०/ अकरा महिन्यांची प्रथा मात्र टिकून आहे. पूर्वी वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यालाच नोंदणी लागे, म्हणून ती पडली. कारण गेले, सवय उरली. मुंबईबाहेर स्वस्त घर शोधणारे आता बदलापूर, वांगणी, नेरळपर्यंत पोहोचले आहेत. गिरगावातील जुन्या चाळीचे नाममात्र भाडे आणि बदलापुरातील अकरा महिन्यांचा करार एकाच इतिहासातून आले आहेत : पहिल्यात राहणाऱ्याला कायद्याने घर राखून दिले, दुसऱ्यातल्याला दरवर्षी सामान बांधण्याची धास्ती.