पटनोंदणी ते शिक्षणपूर्ती : जपान व भारतातील प्राथमिक शिक्षणाचा तुलनात्मक विचार

प्रस्तावना

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी मार्च १९१० मध्ये केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा ठराव मांडताना जपानचा दाखला दिला होता. ही तुलना पुढेही होत राहिली; मात्र तीत बहुधा पटनोंदणीचेच आकडे घेतले जातात. नाव दाखल झालेले मूल शेवटच्या इयत्तेपर्यंत पोहोचले काय, हा प्रश्न मागे राहतो. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा विचार केला आहे.

जपान : अडथळे दूर करण्याचा मार्ग

१८७२ च्या शिक्षणविषयक आदेशाने जपानने सार्वत्रिक प्राथमिक शिक्षणाचे धोरण स्वीकारले. परंतु शाळांचा खर्च प्रामुख्याने गावांवर व फीचा भार पालकांवर पडला. १८७३ मध्ये पटनोंदणी सुमारे २८ टक्के होती; मुलांची सुमारे ४०, तर मुलींची सुमारे १५ टक्के. त्याच वर्षी काही भागांतील शेतकरी उठावांत शाळा जाळण्यात आल्या. १८८६ च्या आदेशाने सक्ती आली, तरी फी कायम राहिली.

या दृष्टीने १९०० हे वर्ष निर्णायक ठरते. सार्वजनिक प्राथमिक शाळांतील सक्तीच्या चार वर्षांची फी तत्त्वतः रद्द झाली, राष्ट्रीय तिजोरीतून साहाय्य सुरू झाले आणि परीक्षेऐवजी दैनंदिन प्रगतीवरून वरच्या वर्गात घालण्याची पद्धत आली. धाकट्या भावंडांना पाठीशी बांधून येणाऱ्या मुलींसाठी मेइजी काळात स्वतंत्र शाळाही निघाल्या. १९०२ मध्ये पटनोंदणी ९० टक्क्यांपुढे गेली व १९०७ मध्ये सक्तीची मुदत सहा वर्षे झाली. अर्थात हा आकडा नोंदणीचा आहे, शिक्षणपूर्तीचा नव्हे, याचे भान ठेवले पाहिजे.

भारत : अपव्ययाची मीमांसा

बडोदा संस्थानात १९०६ मध्ये सर्वत्र सक्तीचे शिक्षण लागू झाले. गोखले यांचे १९११ चे विधेयक मात्र १९ मार्च १९१२ रोजी ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१७ मध्ये सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा निर्णय घेतला. १९१८ च्या मुंबई प्रांताच्या कायद्याने सक्ती लागू करणे नगरपालिकांच्या इच्छेवर सोपविले.

१९२९ च्या हारटोग समितीने दाखविले की, १९२२-२३ मध्ये पहिलीत असलेल्या दर १०० मुलांमागे १९२५-२६ मध्ये चौथीत केवळ १८ मुले होती. यावरून समितीने विस्तारापेक्षा दृढीकरणावर भर दिला. ‘अपव्यय’ या संज्ञेत खर्चाचा हिशेब आहे. घरकाम, शेतमजुरी वा जातिभेद यांमुळे शाळा सुटलेल्या मुलाचा नाही.

संविधानाच्या अनुच्छेद ४५ मध्ये चौदा वर्षांपर्यंतच्या शिक्षणासाठी दहा वर्षांचे उद्दिष्ट होते. तथापि शासकीय आकडेवारीनुसार पहिली ते पाचवीतील गळती १९६०-६१ मध्ये ६४.९ टक्के व २०००-०१ मध्येही ४०.७ टक्के होती. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी अंमलात आला.

निष्कर्ष

दोन्ही देशांत केवळ सक्तीने मुले शाळेत टिकली नाहीत. जपानने फी, परीक्षा व घरची जबाबदारी या अडथळ्यांना हात घातला. वसाहतकालीन भारतात मात्र गळतीचा आकडाच विस्तार रोखण्याचे कारण बनला. स्वतंत्र देश व परकी राजवट यांतील हा मूलभूत भेद होय. म्हणूनच शिक्षणाचा इतिहास लिहिताना पटावरील पहिल्या नावाइतकेच शेवटच्या इयत्तेत न दिसणारे नावही शोधणे अगत्याचे आहे.