एकाच वर्षी, दोन ध्येये

इ. स. १९१९ हे वर्ष जैन समाजाने विशेष ध्यानी घेण्याजोगे आहे. त्या वर्षी सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनी सहकाऱ्यांसह सिंदिया जहाज कंपनी उभारली. त्याच वर्षी कुंभोजचे सुपुत्र कर्मवीर भाऊराव पाटील यांनी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली. कंपनीचे भांडवल भागधारकांचे. बलाढ्य ब्रिटिश कंपन्यांनी भाडेदर पाडले, तरी नफ्याचा हिशेब सोडणे तिला परवडणारे नव्हते. भाऊरावांनाही व्यवहार कळत नव्हता असे नाही. ते पूर्वी किर्लोस्करांचे नांगर विकत असत! परंतु १९२४ साली साताऱ्यात सुरू झालेल्या त्यांच्या वसतिगृहास भागधारक नव्हते. सर्व जातींची मुले तेथे एकत्र राहत, आणि त्यांच्या अन्नासाठी सौ. लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले.