जात्यावरची मराठी : शाहीर अमर शेख



“मुसलमान असून मराठी छान बोलता हो तुम्ही!” हे कौतुक पाथर्डीच्या बाजारात आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. ऐकून बरे वाटते, पण आत कुठेतरी बोचतेही. अशा वेळी मला शाहीर अमर शेख आठवतात.

20 ऑक्टोबर 1916 रोजी बार्शी येथे एका गरीब मुसलमान घरात त्यांचा जन्म झाला. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. आई मुनेरबी जात्यावर मराठी ओव्या गात असे. तीच त्यांची पहिली शाळा! पुढे पोटासाठी त्यांनी मोटारीवर क्लीनरचे काम केले, गिरणीत घाम गाळला. स्वातंत्र्याच्या चळवळीत आपल्याच जिल्ह्यातील विसापूरचा तुरुंगही पाहिला.

1944 च्या सुमारास अण्णा भाऊ साठे व द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी ‘लाल बावटा कलापथक’ उभे केले. तमाशा तोच, ढोलकी तीच. पण आशय नवा. गणात मायभूमीला वंदन आले, गवळण गळाली आणि वगात राजाराणीऐवजी सावकार, शेतकरी व कामगार उभे राहिले. अमर शेख स्वतः गीते रचीत आणि डफावर थाप मारून ती पहाडी आवाजात गात. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या आवाजाने मैदानेच्या मैदाने भारून जात. 1 मे 1960 रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला, त्यात या शाहिराचाही वाटा आहे. ‘कलश’ व ‘धरतीमाता’ हे काव्यसंग्रह आणि ‘पहिला बळी’ हे नाटक त्यांनी मराठीला दिले. 29 ऑगस्ट 1969 रोजी अपघातात त्यांचे निधन झाले.

मराठी त्यांना कोणी बहाल केली नव्हती. ती आईच्या जात्यातून पिठासारखी घरात आली होती. मग आपणच तिला “परीक्षेपुरता विषय” का मानावे? घरात दखनी बोला, कुराणशरीफ अरबीत वाचा, उर्दूवर प्रेम करा. पण मराठीही आपलीच माना. मूल कविता मोठ्याने म्हणू लागले, तर “गप बस” म्हणू नका. घटकाभर हातचे काम थांबवून ऐका. मुनेरबीच्या ओव्या मेहबूबनेही अशाच ऐकल्या होत्या.