गंज आणि मूळ रूप : फियाट ११०० मोटारीच्या बॉडी-दुरुस्तीचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :
इतिहासाच्या साधनांत नाणी व कागदपत्रांबरोबर यंत्रनिर्मित वस्तूंचाही समावेश करावा लागतो. फियाट ११०० ही मुंबईच्या नागरी जीवनाशी निगडित अशी एक वस्तू होय. तिच्या बॉडीवरील गंज दुरुस्त केल्यावर तिचे मूळ रूप कितपत उरते, या प्रश्नाचा प्रस्तुत लेखात विचार केला आहे.

रचना व गंज :
फियाट कंपनीने १९५३ मध्ये इटलीत या मोटारीचे नवे रूप आणताना स्वतंत्र चॅसी वगळून चॅसी व बॉडी एकजीव केली. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४ पासून कुर्ला येथे तिची ११०० डी ही आवृत्ती तयार केली. पुढे १९७४ मध्ये ती 'प्रीमियर पद्मिनी' झाली. स्वतंत्र चॅसीच्या गाडीत बॉडीचा गंज बव्हंशी बाह्य रूप बिघडवतो. येथे मात्र फ्लोअर व दाराखालचे पोकळ पट्टे स्वतः भार पेलतात. मुंबईची खारी हवा आणि पावसाळ्यातील चिखल यांमुळे या पोकळ भागांत ओल साचते व पत्रा आतून कुजतो. रंगाला फुगवटा दिसेपर्यंत हानी बरीच पुढे गेलेली असते.

दुरुस्तीच्या पद्धती :
पूर्वी बॉडीतील खळगे शिसे व कथिलाच्या मिश्रधातूने भरत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॉलिएस्टर लांबी रूढ झाली. लांबीने पृष्ठभाग सपाट होतो, परंतु कुजलेल्या पत्र्याला बळ मिळत नाही. योग्य दुरुस्तीत निरोगी धातू लागेपर्यंत पत्रा कापून, त्याच जाडीचा तुकडा वेल्डिंगने जोडतात; नंतर गंजरोधक प्रायमर लावून पोकळीत मेण फवारतात. अर्थात, दुरुस्ती जितकी खरी, तितका मूळ धातू कमी होतो.

कायदा व संकेत :
केंद्र शासनाच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या खाजगी मोटारीस 'व्हिंटेज' नोंदणी मिळते. मात्र तिचे मूळ रूप राखलेले असावे व चॅसी, बॉडीचे कवच वा इंजिन यांत फेरफार झालेले नसावेत, अशी अट आहे. १९७४ पर्यंत नोंदलेल्या फियाट गाड्यांनी ही वयोमर्यादा ओलांडली आहे. या गाडीत कवच हेच चॅसी असल्याने कुजलेला पट्टा बदलणे हा फेरफार की जतन, हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही. आंतरराष्ट्रीय पातळीवर २०१२ च्या ट्यूरिन सनदेने किमान हस्तक्षेप व केलेल्या कामाची नोंद यांवर भर दिला आहे.

निष्कर्ष :
मूळ आकार, जाडी व जोडणी राखून केलेली दुरुस्ती ही जतनाचाच भाग मानावी. मात्र कापण्यापूर्वीची छायाचित्रे, मोजमापे व काढलेला पत्रा जपला पाहिजे. मुंबईच्या टॅक्सीसेवेतून पद्मिनी २०२३ मध्ये निवृत्त झाली. उरलेल्या गाड्यांवरील जुनी ठिगळेदेखील अनामिक कारागिरांच्या कौशल्याचा पुरावा आहेत. नोंद न करता ती पुसणे म्हणजे एक साधन गमावणे होय.